सांभाळून घ्यायला वसईला गेलो

परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, समुद्र पाहिला का. पाहिला. पण समुद्र पाहायला गेलो नव्हतो, आणि समुद्राबद्दल विचारलं की मला आमच्या उके मॅडमच आठवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या तालुक्यातून तिकडे गेलेले थोडेच असतील, त्यांना तिकडची माहितीही होईल.

मी आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. काचसामान धुणं, द्रावणं तयार करणं, प्रॅक्टिकलला मांडामांड करणं, हे माझं काम. उके मॅडम तिथेच शिकवतात, म्हणजे शिकवत होत्या. तासिका तत्त्वावर. दर वर्षी उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपते आणि जूनमध्ये यादी लागते, त्यात नाव असलं तर पुढचं वर्ष.

मागच्या पावसाळ्यात मी एक चूक केली. तीव्र आम्लात पाणी ओतलं. आम्ल पाण्यात ओतायचं असतं, उलट करायचं नसतं, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. उसळलं आणि डावा हात भाजला. प्राचार्य मला काढायलाच निघाले होते. उके मॅडमनी लेखी दिलं की सूचना त्यांची होती, परिचराने फक्त ती पाळली. त्या तर त्या वेळी वर्गातही नव्हत्या. माझी नोकरी राहिली, आणि प्राचार्यांच्या मनात मॅडमबद्दल जे बसायचं ते बसलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. वसईच्या एका कॉलेजात प्राध्यापकांसाठी आठवडाभराची कार्यशाळा, विषय प्रयोग कसे शिकवावेत. प्रत्येक कॉलेजने एक शिक्षक आणि एक परिचर पाठवावा. प्राचार्य मॅडमना म्हणाले, जाऊन या, शेरा काय येतो ते पाहू आणि मग जूनचं ठरवू. माझ्यासमोरच म्हणाले.

सोमवार, नालासोपारा

गाडीचं काही सांगत नाही, गाडी सगळीकडे सारखीच. शिक्षकांची राहायची सोय कॉलेजात होती आणि आम्हा सात-आठ परिचरांची नालासोपाऱ्यात, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये. चौथा मजला. खिडकीतून हात काढला तर समोरच्या बिल्डिंगची जाळी हाताला लागेल इतकी जवळ. तिकडची बाई चपात्या लाटत होती, ती आमच्याकडे पाहत नव्हती आणि आम्हालाही कुठे पाहावं ते कळेना. आमच्याकडे परका माणूस गल्लीत आला की चार जण विचारतात, कोणाकडे आलात जी. इथे आठ परके पुरुष येऊन राहिले तरी कोणी विचारलं नाही.

विचारलं ते फक्त रेखाताईंनी. त्या तिथल्याच कॉलेजातल्या परिचर, खाडीकडच्या मिठागरवाल्या गावच्या. फ्लॅटची किल्ली त्यांच्याकडे होती. म्हणाल्या, "भाऊ, पानी भरून ठेवा. नऊला जातं ते उद्याच येतं. आनि मोटारीच्या भरवशावर राहू नका." मग मला विचारलं, "तुमच्याकडे पानी कसं?" मी म्हटलं, आमचा तळ्यांचा जिल्हा. त्यांना ते आवडलं. त्यांच्याकडे जुन्या वाड्यांमधून लहान तळी असतात, त्यांना त्या बावखल म्हणाल्या. आता बरीच बुजवली, वर बिल्डिंगा झाल्या. तुम्ही राहताय ती पण असेल एखाद्या बावखलावर, असं म्हणून त्या निघून गेल्या. रात्रभर मला वाटत राहिलं की खाली पाणी आहे.

दुसरे ओळखीचे झाले ते सावंत. कोकणातले, उंच, सदा हसणारे. त्यांची ओळख करून द्यायची पद्धत अशी की, "आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल मीच घेतो. सर सही करतात."

मंगळवार

कार्यशाळेचे मुख्य लोपीस सर. निवृत्त प्राध्यापक, वसईच्याच एका वाडीतले ख्रिस्ती घराण्यातले. बारीक, पांढरे केस, आवाज इतका हळू की सगळ्यांना गप्प बसावंच लागे. त्यांनी सांगितलं की प्रत्येक शिक्षकाने वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि विद्यार्थी म्हणून आम्ही परिचर बसायचं. मागे सर आणि आणखी दोघं बसून लिहिणार, आणि तेच कॉलेजला जाणार. मोठमोठे डॉक्टरेटवाले प्राध्यापक एकमेकांकडे पाहायला लागले. एक जण म्हणाले, सर, या लोकांना काय शिकवायचं? लोपीस सर म्हणाले, तेच तर बघायचंय.

उके मॅडमचा पाठ बुधवारी होता. विषय आमचा नेहमीचा: शंकुपात्रातल्या आम्लात वरून थेंब थेंब अल्कली सोडत जायचं, शेवटी एका थेंबाला रंगहीन पाणी गुलाबी होतं, तिथे थांबायचं. त्याला टायट्रेशन म्हणतात. दुपारी मॅडम माझ्यासमोर जेवायला बसल्या. जेवणात सुरमई होती. आमच्याकडच्या तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, तो घालवायला आम्ही चिंच वापरतो. इथे चिंच नाही, वास नाही, मासाही कसला जाड आणि स्वच्छ. मला आवडला. मॅडमनी भात चिवडला आणि उठल्या. म्हणाल्या, "काका, मला वर्गात प्रश्न विचारला की डोकं रिकामं होतं. मुलं आहेत म्हणून चालतं. इथे कसं होणार?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा असते तेव्हा बाहेरचे परीक्षक येतात. द्रावण परिचराने केलेलं असतं, म्हणजे उत्तर किती यायला हवं ते परिचराला माहीत असतं. मुलगा घाबरला, हात चुकायला लागला, की परिचर बाजूने जाता जाता हळूच आकडा सांगतो. आपले शिक्षक तेवढ्यापुरते खिडकीबाहेर पाहतात. माझ्या आधीचे परिचर हेच करायचे, त्यांनी मला शिकवलं. आमच्यात त्याला कोणी चोरी म्हणत नाही. सांभाळून घेणं म्हणतात.

तर मी मॅडमना सांभाळून घ्यायचं ठरवलं. त्यांची फाइल माझ्याकडेच असायची. पाठाच्या टाचणात त्या कोणते प्रश्न विचारणार ते लिहिलेलं होतं. संध्याकाळी चहाला मी सगळ्या परिचरांना गोळा केलं आणि एकेक प्रश्न वाटून दिला. तुम्ही हे सांगा, तुम्ही ते सांगा. सावंत म्हणाले, "सुखदेवराव, पेपर फोडताय की लग्नाचं आमंत्रण वाटताय?" पण घेतला त्यांनीही. हे काम सगळ्यांच्या हातचं होतं, कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. फक्त रेखाताई म्हणाल्या, मॅडमना विचारलंत का? मी म्हटलं, त्यांना कशाला ताण.

बुधवार

पाठ असा झाला की मी आयुष्यात पाहिला नाही. मॅडमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. रंग बदलून दाखवणारा दर्शक कोणता? उत्तर हजर. रंग कोणता? फिकट गुलाबी, गडद झाला तर चुकलं. पहिल्या प्रश्नाला मॅडम दचकल्या, मग त्यांचा चेहरा सैल झाला, मग त्या हसल्यासुद्धा. एरवी वर्गात त्या फळ्याकडे तोंड करून बोलतात. त्या दिवशी आमच्याकडे तोंड करून बोलल्या. मला वाटलं, फिटलं काहीतरी.

वीस मिनिटं झाली. लोपीस सर उठले आणि सावंतांच्या बाकापाशी येऊन हळू आवाजात विचारलं की एवढं सगळं बरोबर सांगितलंत, तर असं का होतं तेही सांगा.

सावंत म्हणाले, "ते मॅडमना माहीत असणार."

प्राध्यापक हसले. सरांनी मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मलाही विचारलं. मला आकडा माहीत होता, रंग माहीत होता, किती थेंबांनी गडद होतो तेही माहीत होतं. का ते माहीत नव्हतं.

सर मॅडमकडे वळले. म्हणाले, "वर्गाला आधीच सगळं पाठ होतं. तुमच्या लक्षात आलं का?"

मॅडम म्हणाल्या, नाही.

सर म्हणाले, मग पाठ झाला असं मला लिहिता येणार नाही. रागाने नाही म्हणाले, दुःखाने म्हणाले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मॅडमनी फळा पुसला. तो पुसायचं काम माझं असतं, पण मी उठेपर्यंत त्यांनी सगळा पुसला होता, आणि पुसून झाल्यावरही त्या डस्टर फिरवत राहिल्या.

गुरुवार, पाचूबंदर

दुसऱ्या दिवशी दुपारी कामकाज नव्हतं. रेखाताई आम्हाला पाचूबंदरला घेऊन गेल्या, किल्ल्याच्या कडेला. तिथे होड्या लागतात आणि मासळीचा लिलाव होतो. बाया टोपल्यांभोवती उभ्या, बोली इतकी झपाट्याने की मला वाटलं भांडण चाललंय. काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, दोरीवर लहान मुलांचे मोजे टाकावेत तसे. समुद्र तो तिथेच पाहिला. राखाडी होता. आमचं तळं संध्याकाळी निजल्यासारखं होतं. हा काही निजत नव्हता, आणि किनारा ओला, काळा, पाय रुतणारा. माझी एक चप्पल त्यात गेली. काढायला वाकलो तर पट्टाच तुटून हातात आला.

मॅडम धक्क्याच्या टोकाला एकट्याच उभ्या होत्या. मी एका चपलेवर त्यांच्यापर्यंत गेलो आणि सांगून टाकलं. फाइल, चहा, वाटून दिलेले प्रश्न, सगळं.

मागे बायांची बोली चालू होती. मॅडम म्हणाल्या, "काका, मी इतकं वाईट शिकवते असं वाटलं तुम्हाला?"

मला वाटलं होतं त्या रागावतील. मी म्हटलं, तसं नाही जी, तुम्ही माझ्यासाठी जे केलं होतं ना. त्या म्हणाल्या, ते मी तुम्हाला विचारून केलं होतं. आणि खरंच, दवाखान्यात येऊन त्यांनी मला विचारलं होतं, असं लिहू का.

गुरुवार संध्याकाळ, लोपीस सरांची वाडी

एका चपलेवर होतो तसाच, रेखाताईंना घेऊन सरांच्या घरी गेलो. केळीची वाडी, मधून पायवाट, टोकाला लांबट घर. सरांच्या बायकोने पायांकडे पाहिलं आणि आत जाऊन जुन्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या, एक शब्द न बोलता. सर त्यांच्याशी घरातल्या बोलीत जे बोलत होते ते मला निम्मंच कळत होतं. बशीत सुकेळी दिली. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, अंजिरासारखी होतात. गोड लागली.

मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, शिक्षा मला करा, मॅडमचा शेरा बदला.

सर म्हणाले, शेरा खोटा नाही, तो कसा बदलू. पण उद्या दुपारी अर्धा तास मोकळा आहे. त्यांना पुन्हा पाठ घेऊ दे. मग मला विचारलं, "सुखदेव, वीस वर्षं तुम्ही हे रोज करता. त्यातलं न समजलेलं काय आहे?"

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, उद्यापर्यंत शोधून ठेवा, आणि फक्त तेच विचारा. समजलं नाही तर समजलं म्हणू नका, काही झालं तरी. मी त्यांना शब्द दिला.

परत येताना रेखाताई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मॅडमला हे पन आधी सांगून टाका." सांगितलं. मॅडम म्हणाल्या, विचारा. जे असेल ते विचारा.

शुक्रवार

परत तोच वर्ग, तेच आम्ही, पण या वेळी कोणाला काही वाटून दिलेलं नव्हतं आणि सगळे अंग चोरून बसले होते. मॅडम बोलायला लागल्या. फळ्यावर समीकरण लिहिलं. मी हात वर केला. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर पहिल्यांदा.

विचारलं की आधीचे शंभर थेंब पडतात तेव्हा काहीच होत नाही, मग एकाच थेंबाला सगळं पाणी कसं गुलाबी होतं? हळूहळू का नाही होत?

त्यांनी समजावलं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, असं काहीतरी. पुन्हा समजावलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांना किती हवंय की मी मान हलवावी, ते मला दिसत होतं. जन्मभर मी अशा वेळी मान हलवत आलोय. मी म्हटलं, "नाही समजलं जी."

मग धीर आला म्हणा किंवा अक्कल गेली म्हणा, दुसरंही विचारलं. प्रॅक्टिकल संपल्यावर भांडी धुवायला थोडा उशीर झाला तर तो गुलाबी रंग आपोआप जातो. मी रोज पाहतो. कोणी काही टाकलं नाही, मग जातो कुठे?

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. पाहता पाहता त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं, जसं त्या म्हणाल्या होत्या तसं. मला वाटलं, उठून सांगावं की समजलं, समजलं. शब्द दिला होता म्हणून बसून राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही. शोधून सांगते."

लोपीस सर मागून पुढे आले, त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला. म्हणाले, आता पाठ झाला. सरांचे डोळे ओले होते. मोठ्या प्राध्यापकांपैकी दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांना कशासाठी ते कळलं नाही. संध्याकाळी फाटकापाशी मॅडमनी मला गाठून सांगितलं, हवेमुळे जातो. हवेतला एक वायू हळूहळू पाण्यात विरघळतो, तो थोडा आंबट असतो, तो रंग मारतो. "मला माहीत होतं काका, दहावीपासून माहीत होतं," असं म्हणून त्या स्वतःवरच हसल्या. वसईत त्यांना मी तेवढंच एकदा मोकळं हसताना पाहिलं.

निघताना सावंतांनी सगळ्यांचे नंबर घेतले. रेखाताईंनी पिशवीभर सुकेळी दिली.

परत

शेरा मार्चमध्ये आला. लोपीस सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. प्राचार्यांनी तो मला दाखवला, कारण त्यात माझंही नाव होतं. एक वाक्य असं होतं: "विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही आणि त्यांनी ते वर्गासमोर मान्य केले." सरांनी हे कौतुकाने लिहिलं होतं. पुढे अर्धं पान त्याचंच कौतुक होतं. प्राचार्यांनी लाल पेनाने "उत्तर देता आले नाही" एवढ्याखाली रेघ मारली होती.

मी सांगायचा प्रयत्न केला. तिथली रीत वेगळी आहे जी, तिथे हे चांगलं धरतात. ते म्हणाले, तू आठवी पास, तुझ्या प्रश्नाचं उत्तर येत नाही आणि मी तिला बीएस्सीला ठेवू? मग मी बुधवारचं सांगितलं, माझी चूक सांगितली. ते म्हणाले, म्हणजे तेव्हाही तुम्ही दोघं मिळूनच होतात. मागच्या वर्षीसारखं.

जूनमध्ये यादी लागली. त्यात नाव नव्हतं.

मॅडम अनुभवाचा दाखला न्यायला आल्या होत्या. ऑफिसात प्राचार्य साहेब नव्हते म्हणून प्रयोगशाळेत येऊन बसल्या. मी भांडी धूत होतो. हात पुसून त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि म्हटलं, माफ करा मॅडम.

त्या म्हणाल्या, "कशाबद्दल? खोटं बोललात त्याबद्दल, की खरं बोललात त्याबद्दल?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी वसईपासून तेच स्वतःला विचारतोय. बुधवारी मी त्यांना वाचवायला गेलो तर बुडवलं, शुक्रवारी शब्द पाळला तर पुन्हा बुडवलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ते एका थेंबाचं समजलं का शेवटी? मी म्हटलं, नाही जी. त्यांनी घड्याळ पाहिलं. भंडाऱ्याच्या बसला अर्धा तास होता. त्यांनी खडू घेतला, पण फळ्याकडे गेल्या नाहीत, माझ्या ओट्यावरच काढायला लागल्या. समजा लग्नाची पंगत आहे. आम्ल म्हणजे मांडलेले पाट. वरून पडणारा थेंब म्हणजे येणारी माणसं. जोवर पाट रिकामे आहेत तोवर येईल तो बसतो, उभा कोणी दिसत नाही, रंग येत नाही. पाट भरले की पुढचे उभे राहतात. दर्शक फक्त उभी माणसं पाहतो. मी म्हटलं, हे समजलं. पण मग एकच माणूस उभा राहिला तर रंग थोडासाच यायला हवा. त्या म्हणाल्या, बरोबर विचारलंत. आता मला सांगा, एका थेंबात माणसं किती असतात?

मी विचार करत होतो तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, साहेब आले होते. दाखल्यावर सही झाली, आणि तिथूनच त्या घाईने फाटकाकडे गेल्या. बस आली होती. मी त्यांची राहिलेली पिशवी घेऊन मागे पळालो आणि हातात दिली. खिडकीतून त्यांनी हात केला, काहीतरी बोलल्याही, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. प्राचार्य म्हणतात, तोवर प्रॅक्टिकल तू चालू ठेव. ठेवतो. आकडा मी आता मुलांना सांगत नाही, त्यांना पंगत सांगतो, ओट्यावर पाट काढून दाखवतो. माणसं येतात, बसतात, पाट भरतात. मग मुलं विचारतात, पुढे काय काका, आणि जिथे मॅडमची बस आली तिथे मी थांबतो.